सावलीला होस्टा, उन्हाला डेलिली: कोणत्या जाती घेऊ?

मृदुला_नेपरव्हिल

नमस्कार मंडळी,

गेल्या नोव्हेंबरात शिकागोजवळ नेपरव्हिलला घर घेतलं. आधीच्या मालकांना बागेचा नाद नसावा. पुढे गवत, मागे गवत, बाजूला खडी. आता बर्फ गेलाय आणि हात शिवशिवताहेत.

घराच्या उत्तरेच्या भिंतीलगत एक वाफा होईल एवढी जागा आहे, तिथे ऊन नावालाच. मागे एक अवाढव्य सिल्व्हर मेपल, त्याच्याखाली गवतसुद्धा धड येत नाही. आणि ड्राइव्हवेच्या कडेने लांबलचक पट्टा आहे. पश्चिमेचं रणरणतं ऊन, शिवाय हिवाळ्यात फावड्याने ढकललेला मिठाचा बर्फ सगळा त्याच्यावरच.

जो तो सांगतो, सावलीत होस्टा लाव, उन्हात डेलिली लाव, काही बघावं लागत नाही. नर्सरीच्या साइटवर गेले तर होस्टाच्याच शेकडो जाती! डेलिलीचं तर विचारू नका. तीन रात्री नुसती कार्ट भरतेय आणि रिकामी करतेय. बजेट बेताचं आहे. शेजारीण म्हणते हरणं येतात. घरात मांजर नाही, पण कुत्रा येऊ घातलाय (लेकाचा हट्ट).

कोणत्या जाती घेऊ? ज्यांच्याकडे खरंच लावलेल्या आहेत त्यांनी सांगा, प्लीज.

खुरपं

घराबद्दल अभिनंदन. मी ऑरोराला, म्हणजे तुमच्या शेजारच्याच गावात. माती तीच, चिकण.

आधी ती साइट बंद करा. मे अखेरीस मेपलला पूर्ण पानं आली की एखाद्या रविवारी सकाळी नऊला, दुपारी एकला आणि संध्याकाळी पाचला तिन्ही जागांचे फोटो काढा. आत्ता एप्रिलमध्ये सगळीकडेच ऊन दिसतं, त्यावर जाऊ नका. जात या फोटोंवरून निवडायची. कॅटलॉगमधला फोटो कुठल्या राज्यात, कुठल्या महिन्यात, किती वर्षांच्या झाडाचा काढलाय ते कुणी सांगत नाही.

होस्टाला सावली आवडते असं म्हणतात, पण खरं तर त्याला सावली चालते. किती चालते ते पानाच्या रंगावरून बरंचसं कळतं. निळ्या होस्टाचं पान मुळात हिरवंच असतं, वर मेणाचा थर असतो म्हणून निळं दिसतं. अंगठ्याने चोळून बघा, खालून हिरवं निघेल. कडक उन्हात हा थर उतरतो आणि जुलै संपेपर्यंत निळा होस्टा साधा हिरवा होऊन बसतो. म्हणून निळे उत्तरेच्या भिंतीला. सोनेरी जातींना सकाळचं दोन-तीन तास ऊन मिळालं तर रंग चढतो, नाहीतर त्या पोपटीच राहतात. ज्यांच्या पानात पांढरा भाग जास्त त्या सगळ्यात नाजूक. पांढऱ्या भागात हरितद्रव्य नाही, त्यामुळे वाढ सावकाश आणि उन्हात करपायची भीती जास्त.

तुमच्या भिंतीला मी 'हॅल्सिऑन' लावीन. इंग्लंडमध्ये तयार झालेली जुनी निळी जात, पान जाड, आकार आटोपशीर. 'जून' ही तिच्यातूनच निघालेली, पानाचा मधला भाग पिवळसर आणि कडा निळसर. अमेरिकेतले होस्टा उत्पादक दर वर्षी एक 'होस्टा ऑफ द इयर' निवडतात, 'जून' २००१ ची. दोघी शेजारी लावल्या की मायलेकी लगेच ओळखू येतात. पुढच्या काठाला 'ब्लू माउस इअर्स' (२००८ ची), वीतभर उंच, गोल जाड पानं.

आकाराकडे लक्ष द्या. 'सम अँड सबस्टन्स' कुंडीत गरीब दिसते आणि जमिनीत पाच फूट पसरते. 'एम्प्रेस वू' तर कमरेला लागते. लोक हौसेने पायवाटेच्या कडेला लावतात आणि मग पायवाट हलवतात. होस्टाला पूर्ण आकार यायला चार-पाच वर्षं जातात. तोवर मधल्या मोकळ्या जागेत इंपेशन्स लावा, पण अंतर पुढचा विचार करूनच सोडा.

'फ्रान्सिस विल्यम्स' सगळीकडे दिसेल. १९३६ मध्ये कनेक्टिकटच्या एका नर्सरीत सापडलेली, निळं पान, पिवळा काठ. तिच्या पिवळ्या कडा वसंतातच करपतात आणि वर्षभर तशाच राहतात. नाव मोठं आहे, पण मी घेणार नाही.

डेलिलीबद्दल नंतर लिहितो, आत्ता ऑफिसचा कॉल आहे.

चकलीवाली

मी पहिल्यांदा होस्टा बघितला तेव्हा वाटलं अळूच लावलाय कुणीतरी! सासूबाई आल्या होत्या तेव्हा पान हातात घेऊन देठाचा रंग बघत होत्या, वडीला चालेल का म्हणून. 😀

मजा सोडा, पण खरंच खातात का हो?

शेवंती_एनजे

@चकलीवाली, जपानमध्ये कोवळे कोंब खातात, 'उरुई' म्हणून भाजीच्या दुकानात मिळतात. आपल्याकडे नर्सरीतून आणलेलं झाड मात्र खाऊ नका, त्याला मुळातून शोषली जाणारी कीटकनाशकं दिलेली असू शकतात. आणि @मृदुला, कुत्र्याला होस्टा बाधतो. त्यात सॅपोनिन असतात, उलट्या-जुलाब होतात. पिल्लू चघळणारं असेल तर पहिलं वर्ष जाळी लावा.

मी एडिसनला. माझा मुद्दा वेगळा आहे. सगळे पानांवर बोलतात, वासावर कुणी बोलत नाही. होस्टा प्लँटॅजिनिया नावाची मूळची चीनमधली जात आहे. साधं पोपटी चकचकीत पान, आणि ऑगस्टमध्ये पांढरी, बोटभर लांब फुलं. बहुतेक होस्टांची फुलं सकाळी उमलतात, हिची दुपार कलल्यावर. संध्याकाळी डेकवर बसलं की घमघमाट. होस्टातल्या सगळ्या सुवासिक जातींत हिचाच अंश असतो. 'रॉयल स्टँडर्ड' हिरव्या पानाची, 'सो स्वीट' पांढऱ्या काठाची, 'ग्वाकामोली' मधे पोपटी आणि कडेला गडद (२००२ ची होस्टा ऑफ द इयर). या मंडळींना इतर होस्टांपेक्षा ऊनही जास्त चालतं, फक्त पाणी कमी पडू देऊ नका.

आमच्याकडे प्लँटॅजिनिया नेमकी गणपतीच्या सुमारास फुलते. तबकात पांढरी फुलं घरची असतात. एकदा गौरीसमोर ठेवली तर आलेल्या बायका निशिगंध कुठून आणला म्हणून विचारत होत्या.

खुरपं

कॉल संपला. डेलिली.

हिचं प्रत्येक फूल एकच दिवस टिकतं, पण एका दांड्यावर पंधरा-वीस कळ्या असतात आणि झाड जुनं झालं की दांडेही बरेच येतात. त्यामुळे घेताना फुलाच्या रंगाच्या आधी तीन गोष्टी बघा: दांड्यावर कळ्या किती, मोसम कुठला (लवकर, मधला, उशिरा) आणि पात हिवाळ्यात काय करते. चांगला विक्रेता हे तिन्ही लिहितो. नुसता फोटो आणि 'भव्य फुलं' एवढंच असेल तर पुढे चला.

अमेरिकन डेलिली सोसायटीकडे नोंदलेल्या जाती ८० हजारांच्या वर गेल्यात. एवढ्यांतून निवडायचं कसं? माझा नियम सोपा आहे: वीस-तीस वर्षं जुन्या आणि अजूनही विकल्या जाणाऱ्या जाती घ्यायच्या. नव्या जातीचा एक दुहेरी फॅन (पंख्यासारख्या पातीचे दोन जोड फुटवे) शंभर डॉलरला आणि वरही जातो. पाच-सहा वर्षं थांबलात तर तीच जात पंधराला मिळते, आणि तोवर इलिनॉयच्या थंडीत टिकते की नाही तेही कळलेलं असतं.

'स्टेला डी ओरो' सगळ्या पेट्रोल पंपांवर आणि बँकांच्या दारात असते म्हणून लोक नाक मुरडतात. वॉल्टर याब्लोन्स्की यांनी ती आपल्या शेजारच्या इंडियानात, मेरिलव्हिलला तयार केली, नोंद १९७५ ची. १९८५ मध्ये तिला डेलिलीतला सर्वोच्च स्टाउट पुरस्कार मिळाला. फूटभर उंच, जूनमध्ये सुरू होते आणि थांबत थांबत थंडीपर्यंत फुलते. पण रंग पिवळा कसला, भगव्याकडे झुकलेला, शेजारी गुलाबी काही टिकत नाही. मला विचाराल तर 'हॅपी रिटर्न्स' घ्या. स्टेलाचीच लेक, डॅरेल ॲप्स यांची, १९८६ ची. लिंबाचा पिवळा रंग, थोडा वास, आणि तशीच परत परत फुलणारी.

ड्राइव्हवेच्या पट्ट्यात डेलिलीच लावा, मिठाला ती बऱ्यापैकी दाद देत नाही. फक्त पश्चिमेच्या उन्हात गडद लाल आणि जांभळ्या जाती दुपारपर्यंत मलूल होतात, पाकळी चिकट होऊन रंग पुसल्यासारखा दिसतो. तिथे पिवळ्या, पीच, फिकट गुलाबी. लाल हवीच असेल तर 'शिकागो अपाची', सकाळचं ऊन आणि दुपारी सावली असेल अशा कोपऱ्यात.

बागबुवा_मिनेसोटा

खुरपंरावांच्या यादीला अनुमोदन. फक्त पातीचा मुद्दा त्यांनी एका ओळीत उरकला, तो मोठा आहे.

काही डेलिलींची पात थंडीत पूर्ण वाळते आणि झाड झोपी जातं, त्या डॉर्मंट. काहींची बारमाही हिरवी राहू बघते, त्या एव्हरग्रीन. मधल्या त्या सेमी-एव्हरग्रीन. नव्या, झालरीच्या, डोळ्यात भरणाऱ्या जातींतल्या बऱ्याच फ्लोरिडात तयार होतात आणि त्यांत एव्हरग्रीन रक्त असतं. आमच्या सेंट पॉलला मार्चमध्ये बर्फ वितळतो, पुन्हा गोठतो, पुन्हा वितळतो. त्यात त्यांचा गड्डा कुजतो. सगळ्याच मरत नाहीत, 'जोन सीनियर' एव्हरग्रीन असून उत्तरेत राहते. पण पहिल्या खरेदीला डॉर्मंटच घ्यावी.

सुवासिक आणि उंच हवी असेल तर 'हायपेरियन'. १९२० च्या दशकातली, इंडियानातलीच, फिकट पिवळी, छातीला लागते. दुहेरी पाकळ्यांची हवी तर 'सिलोअम डबल क्लासिक', गुलाबी, डॉर्मंट, वासाची. साधी गुलाबी हवी तर 'बार्बरा मिचेल', सेमी-एव्हरग्रीन आहे पण आमच्याकडे तगली. आणि सगळ्यांची फुलं संपल्यावर, ऑगस्टमध्ये, 'ऑटम मिनारेट'. न्यूयॉर्क बोटॅनिकल गार्डनच्या डॉ. स्टाउट यांची, ज्यांच्या नावाने तो पुरस्कार आहे. १९५१ ची जात, दांडा माझ्या उंचीचा होतो. मागच्या कुंपणालगत लावा.

होस्टाबद्दल एकच, पण ते नीट वाचा. होस्टा व्हायरस एक्स. १९९६ मध्ये इथल्याच मिनेसोटा विद्यापीठात ओळखला गेला. पानावर शिरांच्या कडेने शाई फुटल्यासारखे गडद किंवा फिकट ओघळ दिसतात, तो भाग कधी सुरकुततो. उपाय नाही. झाड मुळासकट उपटून कचऱ्यात, कंपोस्टमध्ये नाही. रसातून पसरतो, म्हणजे तुमची कात्री, सुरी, कुदळ हेच त्याचं वाहन. गंमत म्हणजे सुरुवातीला काही रोगट झाडं 'नवीन नक्षीची जात' म्हणून नावं देऊन विकली गेली होती! स्वस्त पिशवीतले उघडे गड्डे घेताना पान दिसत नाही, तिथेच हा येतो. दोन वर्षांपूर्वी मी एका मोठ्या दुकानातल्या सेलमध्ये 'सम अँड सबस्टन्स'च्या रांगेत सहा कुंड्या अशा बघितल्या. सांगायला गेलो तर तिथल्या पोराने त्यांवर आणखी सवलतीचं लेबल लावलं.

म्हणून होस्टा पान उघडल्यावर, हातात घेऊन, वरून-खालून बघूनच घ्यायचा.

हरिणाक्षी

नाव बघून हसू नका, माझा आयडी हरणांच्या आधीचा आहे.

होस्टा हे हरणांचं पक्वान्न आहे. रात्रीत येतात आणि सकाळी नुसते देठ उभे. डेलिलीची पात कमी खातात, पण कळ्या वेचून खातात, तेही उमलायच्या आदल्या रात्री. जाळी नाहीतर फवारा, तिसरा उपाय नाही. फवारे बहुतेक कुजक्या अंड्याच्या वासाचे असतात. वाळल्यावर आपल्याला वास येत नाही, हरणाला येतो. पाऊस पडला की परत मारायचा, नवं पान फुटलं की परत. आमच्या सासूबाईंचा चातुर्मास सुरू होतो तेव्हा मी फवाऱ्याची बाटली गराजच्या मागच्या फळीवर ठेवते आणि त्या देवळात गेल्या की मारते.

मिलवॉकीचं ते सांडपाण्यातून बनवलेलं खत, मिलॉरगनाइट, त्यानेही थोडा फरक पडतो असं बरेच जण म्हणतात. खत म्हणून तरी उपयोग आहेच.

हे सगळं नको असेल तर उत्तरेच्या भिंतीला नेचे, हेलेबोर, ब्रुनेरा आणि ॲस्टिल्बी लावा आणि होस्टा फक्त डेकजवळ ठेवा.

पुण्याची_नीला

वाचून हेवा वाटला. कोथरूडला बाल्कनीत होस्टा येईल का? ऑनलाइन बिया दिसतायत, निळ्या रंगाच्या पानांच्या.

बागबुवा_मिनेसोटा

नीलाताई, नाही येणार. होस्टाला हिवाळ्यात कित्येक आठवडे चार-पाच अंश सेल्सिअसच्या खालची थंडी लागते, झोप पूर्ण झाल्याशिवाय तो नीट फुटत नाही. पुण्याची डिसेंबरातली पहाट त्याला पुरायची नाही. आणि निळ्या पानांच्या बियांवर पैसे घालवू नका. होस्टाची नावाची जात बियांतून तशीच उतरत नाही, ती गड्ड्याच्या फुटव्यातून किंवा टिश्यू कल्चरनेच करतात. फोटोतला गर्द निळा रंग तर कुठल्याच होस्टाला नसतो.

सावलीतली मोठी पानं हवीत तर कॅलेडियम आहे, पावसाळ्यात मस्त होतं. डेलिली मात्र लावा की! एव्हरग्रीन जाती, ज्या आम्हाला जमत नाहीत, त्या तुमच्याकडे चालतील. पाच-सहा तास ऊन आणि मोठी कुंडी द्या.

पुण्याची_नीला

बरं झालं विचारलं, ऑर्डर करणारच होते. नर्सरीत डेलिली म्हणून मला पावसाळ्यातली ती गुलाबी छोटी लिली दाखवली होती.

शेवंती_एनजे

ती रेन लिली, कांद्यापासून येते. डेलिलीला कांदा नसतो, मुळांना जाड गाठी असतात आणि पात बुडाशी पंख्याच्या आकारात पसरते. बुडाकडे बघून घ्या.

आणि एक सगळ्यांसाठीच. मांजर असेल तर डेलिली घरात किंवा अंगणात नको. खरी लिली असो की डेलिली, मांजराचं मूत्रपिंड निकामी होतं. परागकण अंगावर पडले आणि तिने चाटले तरी. हे गंमतीत घेऊ नका.

ओंकार_रेडिंग

इंग्लंडमधून हजेरी. आमच्याकडे हरणं नाहीत, गोगलगायी आहेत, आणि त्यांचा पाऊस बारा महिने. इथे पातळ पानांचा होस्टा म्हणजे जूनपर्यंत चाळणी. जाड पानांचेच टिकतात: 'हॅल्सिऑन', 'सम अँड सबस्टन्स', 'ब्लू माउस इअर्स'. आयर्न फॉस्फेटच्या गोळ्या कोंब जमिनीतून डोकं काढतात तेव्हाच टाकाव्या लागतात, पान उघडल्यावर उशीर झालेला असतो.

डेलिलीला इथे एक वेगळी कीड आहे, गॉल मिज. कळी आखूड आणि फुगीर दिसते, उघडत नाही, आत पांढऱ्या अळ्या. तशा कळ्या दिसल्या की खुडून कचऱ्यात. ती सुरुवातीच्या कळ्यांवर येते, म्हणून मी उशिरा फुलणाऱ्या जातींवर आलोय.

मृदुला_नेपरव्हिल

बाप रे, केवढं लिहिलंत! सगळ्यांचे आभार. यादी अशी केली आहे:

उत्तरेला 'हॅल्सिऑन' दोन, 'जून' एक, काठाला 'ब्लू माउस इअर्स' तीन. डेकपाशी 'ग्वाकामोली' आणि प्लँटॅजिनिया. ड्राइव्हवेला 'हॅपी रिटर्न्स' सहा, मधे 'बार्बरा मिचेल', मागे 'हायपेरियन'. मेपलखाली 'पेट्रियट' लावावा म्हणतेय, पांढरा काठ अंधारात उठून दिसेल. तिथे ट्रकभर माती आणून सहा-आठ इंचांचा वाफा करायचा विचार आहे. आणि शेजारीण तिच्या यार्डातल्या नारिंगी डेलिलीचे गड्डे फुकट देतेय, ते उरलेल्या जागेत.

खुरपं

यादी छान. दोन ठिकाणी थांबा.

मेपलखाली माती भरू नका. सिल्व्हर मेपलची श्वास घेणारी मुळं अगदी वरच्या थरात असतात, त्यावर सहा-आठ इंच माती आली तर झाड हळूहळू खंगतं. आणि नवीन भुसभुशीत मातीत दोन वर्षांत मेपलचीच बारीक मुळं गच्च भरतात, होस्टा दर वर्षी लहान होत जातो. तिथे मोठ्या कुंड्या ठेवा. 'पेट्रियट' कुंडीत उत्तम दिसतो. थंडीत पान गळलं की कुंडी गराजमध्ये, जिथे हीटर नाही तिथे, आणि महिन्यातून एकदा कपभर पाणी. जमिनीतच लावायचं असेल तर खोडापासून लांब, दोन मुळांच्या मधला खळगा शोधून, लहान रोप, आणि उन्हाळाभर पाणी. मेपलची मुळं कुदळीने तोडायची नाहीत.

शेजारणीची फुकटची नारिंगी म्हणजे रस्त्याकडेला सगळीकडे दिसते ती, हेमेरोकॅलिस फुल्वा. तिला बी धरत नाही, जमिनीखालून धावते. तुमच्या 'बार्बरा मिचेल'च्या गड्ड्यात घुसली की वेगळी काढता येत नाही. शेजारधर्म म्हणून घ्यायचीच असेल तर ड्राइव्हवे आणि फुटपाथच्या मधल्या त्या त्रिकोणी तुकड्यात लावा, सगळीकडून काँक्रीट असेल तिथे.

हरिणाक्षी

किंवा सांगा, आमच्या ह्यांना नारिंगी रंगाची ॲलर्जी आहे.

मृदुला_नेपरव्हिल

😂 त्रिकोणी तुकडा आहे. तिथेच.

लावायचं कधी? आणि किती खोल?

बागबुवा_मिनेसोटा

कुंडीतलं असेल तर मेमध्ये कधीही. मात्र मेच्या पहिल्या पंधरवड्यात रात्री गोठायचा इशारा आला तर होस्टाच्या नव्या पानांवर जुनी चादर टाका. एकदा गोठली की पानं पारदर्शक होऊन लोळतात. प्लॅस्टिक नको, पानाला चिकटतं.

डेलिलीचा गड्डा, म्हणजे पात आणि मूळ जिथे मिळतात ती जागा, जमिनीखाली एक इंचाहून खोल नको. खोल गेली तर पात येते, फूल येत नाही. दोन झाडांत दीड-दोन फूट अंतर. तीन-चार वर्षांनी फुलं कमी झाली की खणून फोडायची. ऑगस्टअखेर पात वीतभर ठेवून कापायची, गड्डा हाताने सुटा करायचा, प्रत्येक तुकड्याला दोन-तीन फॅन. 'स्टेला' आणि 'हॅपी रिटर्न्स'ला हे जास्त वेळा लागतं, पुन्हा पुन्हा फुलणाऱ्या ना. होस्टाला फोडायची गरज नसते, उगाच फोडू नका. फोडलाच तर प्रत्येक तुकड्याला निदान दोन-तीन डोळे राहू देत, आणि दोन झाडांच्या मधे सुरी ब्लीचच्या पाण्यात.

तुमच्याकडे लाइलला मॉर्टन आर्बोरेटम हाकेच्या अंतरावर आहे, ग्लेन्कोला शिकागो बोटॅनिक गार्डन. जुलैच्या मध्यात दोन्हीकडे जा. लेबलांचे फोटो काढा, फुलांचे नंतर. आणि आसपासच्या डेलिली क्लबांचे सेल उन्हाळा संपता संपता असतात. तिथे म्हातारे सभासद आपल्या वाफ्यातले गड्डे खणून आणतात, इलिनॉयची थंडी खाल्लेले, दुकानाच्या निम्म्या भावात.

चकलीवाली

डेलिलीच्या कळ्या पण खातात ना? चायनीज दुकानात वाळवलेल्या बघितल्यात.

शेवंती_एनजे

हो, हॉट अँड सावर सूपमध्ये त्याच असतात. फवारा मारलेल्या झाडाच्या नको, आणि खऱ्या लिलीच्या तर अजिबात नको. दोन्हींतला फरक पक्का माहीत नसेल तर दुकानातल्याच आणा.

मृदुला_नेपरव्हिल

*(ऑगस्ट)*

धागा वर काढतेय. सगळं लावलं, सगळं जगलं. 'ग्वाकामोली'ला दोन दांडे आले, वासाबद्दल शेवंतीताई म्हणाल्या ते खरं. हरणांनी 'जून' एकदा संपवला, फवारा सुरू केल्यावर परत फुटलाय. कुत्रा आलाय, होस्टाकडे बघतही नाही, त्याला मल्च आवडतं.

एक काळजी. क्लबच्या सेलमध्ये जायच्या आधी मोह झाला आणि दक्षिणेकडच्या एका विक्रेत्याकडून दोन डेलिली मागवल्या. त्यांच्या पातीवर तपकिरी-पिवळे पट्टे दिसताहेत. हा तांबेरा का?

खुरपं

पांढरा टिश्यू घ्या, पातीच्या खालच्या बाजूने चिमटीत धरून ओढा. नारिंगी पूड लागली तर तांबेरा. तो अमेरिकेत २००० मध्ये पहिल्यांदा सापडला, दक्षिणेत कायमचा राहतो, आणि आपल्याकडे असाच पार्सलमधून येतो.

मृदुला_नेपरव्हिल

आत्ताच केलं. टिश्यू स्वच्छ. पट्टा टोकाकडून सुरू होऊन मधल्या शिरेने खाली येतोय.

खुरपं

मग तो लीफ स्ट्रीक, साधी बुरशी. दिसायला वाईट, झाड मरत नाही. बिघडलेली पात बुडापासून काढून कचऱ्यात टाका, पाणी वरून न देता मुळाशी द्या, सकाळी. त्या दोघींना या मोसमात बाकीच्यांपासून लांब ठेवा आणि आठवड्याने टिश्यू पुन्हा फिरवा. पुढे कधी तांबेरा निघालाच तरी पात जमिनीलगत कापायची. आपल्या थंडीत जमिनीवरची पात मेली की तोही सहसा तगत नाही.

पार्सलमध्ये कुठल्या जाती आल्यात ते लिहा. एव्हरग्रीन असतील तर नोव्हेंबरात काय करायचं ते बागबुवा सांगतील.